चार कपांचं किट

माझ्या नवऱ्याच्या हातची कॉफी फार प्रसिद्ध आहे. चाकणला त्याच्या कंपनीच्या असेंब्ली लाइनवर प्रसिद्ध आहे, मोशीला आमच्या सोसायटीत प्रसिद्ध आहे, आणि माझ्या नणंदेने ती कीर्ती लातूरपर्यंत पोचवली आहे. उघड्यावर, वाऱ्यात, वीतभर शेगडीवर तो अशी कॉफी करतो म्हणे, की हॉटेलवाल्यांनी येऊन शिकावं. घरी मात्र त्याला चहाचं आधण ठेवायला सांगितलं तर साखरेचा डबा कुठे आहे विचारतो. लग्न झाल्यापासून तो डबा एकाच फळीवर आहे.

समोर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना अरे-तुरे करणार आहे. तेवढी सूट मी घेतली आहे.

आमच्याकडे सुट्टी गुरुवारी असते, हे बाहेरच्यांना आधी सांगावं लागतं. पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याचशा कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे जगाचा रविवार असतो तेव्हा आम्ही मशीनपाशी, आणि आम्ही मोकळे असतो तेव्हा जग कामावर. रविवारची लग्नं आणि बारशी आमच्याशिवाय पार पडतात. नातेवाईक आता आम्हाला आग्रहही करत नाहीत. गुरुवारी भेटायला येणारी माणसं म्हणजे ज्यांना गुरुवारी सुट्टी असते तीच, म्हणजे कंपनीतलीच. नवरा आणि त्याच्या लाइनवरचे तीन मित्र यातूनच कॅम्पिंगच्या नादी लागले. महिना-दोन महिन्यांतून एकदा, बुधवारची पहिली शिफ्ट सुटली की हे चौघे चाकणच्या पुढे भामा आसखेड धरणाच्या पाण्याकडे निघतात. तिघांपैकी एक मोशीचाच, जुन्या गावातला. त्याच्या मेहुण्याचं शेत पाण्याला लागून आहे. तिथे तंबू ठोकायचे, चिकन शिजवायचं, गप्पा मारायच्या, सकाळी कॉफी प्यायची आणि दुपारी घरी येऊन झोपायचं. शनिवार-रविवारी तिथे पुण्याच्या गाड्यांची रीघ असते. बुधवारी सगळं पाणी यांचं.

गुरुवारी सुट्टी मलाही असते. त्या दिवशी मी चादरी धुते.

मी तळवड्याच्या एका छोट्या युनिटमध्ये किटिंगला आहे. काम सांगायला सोपं आहे. मोठ्या कंपनीच्या लाइनवर माणूस एखादा भाग गाडीला जोडतो, त्याला जे बोल्ट, वॉशर, क्लिपा, रबरी बुचं लागतात, ती सगळी मोजून एका पिशवीत भरायची. एका जोडणीला एक पिशवी. तिला किट म्हणतात. लाइनवरच्याने पिशवी फोडायची आणि जोडत सुटायचं. त्याने मोजायचं नाही, शोधायचं नाही, डोकं चालवायचं नाही. ते सगळं आम्ही आधीच पिशवीत भरलेलं असतं. एखादं वॉशर कमी पडलं तर तिकडे लाइन थांबते आणि इकडे आमच्या नावाने शंख होतो. गाडी बाहेर पडली की फोटो लाइनवाल्यांचा निघतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कामाची रीतच ती आहे. तक्रार कॉफीबद्दल आहे.

कॉफी मी चिखलीत शिकले. लातूरकडून आम्ही आलो तेव्हा तिथे एका खोलीत राहायचो. आम्ही चहाची माणसं. कॉफी म्हणजे परीक्षेच्या दिवसांत जागायला घ्यायचं औषध, एवढीच माझी समज. शेजारच्या खोलीत कर्नाटकातल्या हासनकडची एक बाई होती. नवरा फाउंड्रीत, मराठी जेमतेम, आणि मालकीची चीज एकच: पितळेचा दोन मजली फिल्टर. वरच्या भांड्यात पूड, खालच्यात थेंबथेंब उतरणारा काळा अर्क. गुरुवारी सकाळी मी धुण्याची बादली घेऊन बाहेर आले की ती कठड्यावरून कप पुढे करायची. विचारायची नाही, बोलवायची नाही. मी ओले हात पदराला पुसायचे आणि कप घ्यायचे. त्या कपासाठी मी काहीच केलेलं नसायचं. दूध तापवलेलं नसायचं, गॅस पेटवलेला नसायचा, कोणाला किती साखर ते आठवलेलं नसायचं. तो नुसता माझ्या हातात यायचा.

पुढे ते लोक खोली सोडून गेले. त्यानंतर मला असा आयता कप कोणी दिला नाही. लेक लहान होती तेव्हा लहान होती, मोठी झाली तेव्हा आयटीतल्या नोकरीत अडकली. तिची कॉफी तिला मशीन देतं. सासू होती तोवर तिच्या हातात मीच देत होते. यात कोणाचा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. पण मला एवढं एकच हवं होतं: दुसऱ्या कोणीतरी माझ्यासाठी केलेली एक कप गरम कॉफी. याहून मोठी काही इच्छा धरली असती तर ती कदाचित लवकर पुरी झाली असती.

कॅम्पिंगच्या पहिल्या खेपेला हे लोक चहाचं सामान घेऊन गेले होते. दूध नासलं, वाऱ्याने शेगडी विझली, आणि सकाळी चौघे तोंडं पाडून चाकणच्या टपरीवर येऊन बसले. नवऱ्याने घरी येऊन हे हसत सांगितलं, आणि मला कोणी काही न सांगता मी त्या कामाला लागले. हौस माझीच. आपल्याला एखादी गोष्ट येते, आणि ती येते हे कोणाला ठाऊक नसतं, तेव्हा माणूस असा वाहवत जातो.

पितळेचा फिल्टर उघड्यावर चालत नाही, अर्क उतरेपर्यंत सगळं गार होतं. म्हणून मी मलमलच्या छोट्या पिशव्या शिवल्या. त्यासाठी पूड जाड दळलेली लागते. बारीक पूड फडक्यातून गाळ सोडते. चिंचवड स्टेशनच्या दुकानदाराला मी जाड दळा म्हटलं की तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. पाणी खळखळतं ओतलं तर कॉफी जळकी लागते, म्हणून भांडं उतरवून बुडबुडे बसेपर्यंत थांबायचं. मग पूड नुसती भिजेल एवढंच पाणी घालायचं, ती फुगू द्यायची, आणि मग उरलेलं. दूध आदल्या दिवशी बाटलीत गोठवून टॉवेलात गुंडाळलं तर सकाळपर्यंत वितळतं पण नासत नाही, हे मला दोन बाटल्या वाया घालवल्यावर कळलं. वाऱ्यासाठी फरसाणाचा डबा कापून आडोसा केला. तो चालतो का ते बघायला बाल्कनीत शेगडी मांडली आणि समोर टेबलफॅन लावला. समोरच्या इमारतीतल्या बायका ग्रिलला येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मी काही तोडगा करतेय.

नवरा काही वाचून करील हा भरवसा नव्हता. म्हणून मी सगळं असं भरायचे की चूक करायची म्हटली तरी करता येऊ नये. लाल दोऱ्याची पिशवी आधी सोडायची, हिरव्याची नंतर. पाण्याच्या बाटलीला नेलपॉलिशची खूण, तिथपर्यंतच भरायची. स्टीलचे दुहेरी कप एकात एक बसवलेले, सगळ्यात वरच्यात साखरेची पुडी. सगळं मिळून एक कापडी पिशवी, आणि ती त्याच्या सॅकमध्ये वरच, हात घातला की लागेल अशी. त्याने तिचं नाव किट ठेवलं. ‘किट भरलंस का?’ एवढंच तो बुधवारी विचारायचा, आणि ते भरलेलं असायचं.

अशी काही वर्षं गेली आणि त्याच्या कॉफीचा बोलबाला झाला.

गेल्या दिवाळीनंतर मोशीच्या त्या मित्राच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांती होती. शेतं गेली, तिथे इमारती आल्या, त्यातलाच एक मजला याचा. पण बोलणं अजून मळ्यातलं आहे आणि माणूस मनाने सरळ आहे. जेवताना त्याने सगळ्या पंगतीसमोर नवऱ्याचं तोंड भरून कौतुक केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “वहिनी, तुमी लई नशीबवान हाय. रोज असली कॉफी मिळती तुमाला.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो जिलबी खात होता. तो खोटं बोलला असं नाही, तो काहीच बोलला नाही. मी म्हटलं, मी अजून एकदाही प्यायले नाही. सगळे हसले. मित्र म्हणाला, मग या की एकदा आमच्यासंगं. नवरा म्हणाला, तिला कुठे असलं आवडतं, डासबिस, जमिनीवर झोपणं.

“मला आवडतं,” मी म्हटलं.

त्याने जिलबी खाली ठेवली. मला काय आवडतं हे मलाच त्याला पंगतीत सांगावं लागलं, आणि तेही इतक्या वर्षांनी, याची मला चीड आली होती. पण त्याहून जास्त आनंद झाला होता. बाकीच्यांच्या बायकांना जमणार नव्हतं. एकीची शिफ्ट, दोघींच्या मुलांची गुरुवारची शाळा. मी एकटीच जाणार होते. लेकीने मला तिचं जाड जॅकेट दिलं आणि बजावलं, आई, तिथे जाऊन कामाला लागू नकोस. मी म्हटलं, मी फक्त कॉफी प्यायला चाललेय.

जानेवारीतल्या बुधवारी आम्ही गेलो. मी भाकरी पाच जणांच्या हिशोबाने केल्या होत्या, ठेचा केला होता. तिथे पोचल्यावर मित्रांनी मला खुर्ची उघडून दिली, वहिनी तुम्ही बसा म्हणाले, आणि मी खरंच बसले. कोकणातल्या मित्राने कांदा इतका जाड चिरला की माझे हात शिवशिवले, पण मी उठले नाही. तिसरा मित्र जळगावकडचा, तो तर मुळात बोलतच नाही, त्याने न सांगता माझ्या पायाशी शेकोटीतले निखारे सरकवले. पाणी काळं होत गेलं, थंडी वाढली. ही माणसं इथे का येतात ते मला कळलं. आम्ही बायका इथे का येत नाही हा विचार मी त्या संध्याकाळी मुद्दाम बाजूला ठेवला.

सकाळी मला सवयीने जाग आली, पण मी पडून राहिले. तंबूच्या कापडातून उजेड येत होता. बाहेर नवरा उठल्याचं कळलं, सॅकची चेन उघडली, डब्याचा आडोसा वाजला, शेगडी पेटली. मी डोळे मिटून घेतले. कोणीतरी दुसरंच सकाळचं भांडं ठेवतंय आणि आपण पांघरुणात आहोत, हे सुख मला लग्नानंतर पहिल्यांदा मिळत होतं. मी खोटं सांगणार नाही, माझे डोळे भरून आले होते.

मग त्याचा आवाज आला. तो मित्रांना समजावत होता. “आता थांबायचं. बुडबुडे बसू द्यायचे. लोक इथेच घाई करतात, म्हणून जळकी लागते.” माझेच शब्द, माझ्याच क्रमाने. ‘लोक इथेच घाई करतात’ हे सुद्धा मी त्याला बाल्कनीत सांगितलं होतं. मोशीचा मित्र म्हणाला, मानलं राव तुला. तरी मी मनाला समजावलं, की आज एवढं चालवून घे. आज कप मिळणार आहे.

मी तोंड धुऊन बाहेर आले आणि चटईवर बसले. पाण्यावरून धुकं उठत होतं. वास फार सुंदर येत होता. घरात कधी येत नाही तसा, कारण घरात फोडणी, साबण, सगळे वास एकत्र असतात. नवऱ्याने कप मांडले आणि ओतायला घेतलं. हात स्थिर होता, मान्य करते. एक, दोन, तीन, चार. भांडं रिकामं झालं. त्याने ते पालथं ठेवलं, एकेक कप एकेकाला दिला, आणि चौथा स्वतः घेऊन फुंकर घातली.

कोणाच्या लक्षात आलं नाही. मी चटईवर हात मांडीत घेऊन बसले होते. मग मोशीच्या मित्राने विचारलं, “अरं, वहिनींचा कप कुठंय?”

नवऱ्याने कापडी पिशवी उलटी केली. लाल दोरा, हिरवा दोरा, साखरेची रिकामी पुडी. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती शंका होती.

“तू पाचवा भरला नाहीस का?”

नव्हता भरला. किट मी मंगळवारी रात्री भरलं होतं, नेहमीसारखं, टीव्ही बघता बघता. भाकरी करताना पाच माणसं डोक्यात होती, कारण पीठ नव्याने मोजावं लागलं. किट भरताना डोकं लागतच नाही. चार कप, चार जणांची पूड, चार जणांचं दूध. आमच्या युनिटमधला सुपरवायझर नव्या मुलींना हेच शिकवतो, की हाताला सवय लागली पाहिजे, मन कुठेही असलं तरी पिशवी बरोबर भरली पाहिजे. माझ्या हाताला सवय लागली होती. या एका सकाळची मी दिवाळीपासून वाट बघत होते, आणि तिच्यातून मला मीच वगळलं होतं. लाइन थांबली होती, आणि चूक किटिंगवालीची होती.

मी म्हटलं, राहिला.

नवऱ्याने आपला कप पुढे केला. तू घे, मी चाकणला चहा घेईन. तो मनापासून म्हणाला, हे मी लिहायलाच हवं, कारण नाहीतर वाचणाऱ्याला तो वाईट माणूस वाटेल, आणि तो तसा नाही. मी कप घेतला. कॉफी उत्तम झाली होती. दाट, गरम, जिभेवर रेंगाळणारी, कुठेही न जळलेली. आणि पहिल्याच घोटाला मला ती ओळखता आली. पूड माझी, भाजणी मी निवडलेली, दूध मी गोठवलेलं, साखर मी मोजलेली. त्याने पाणी ओतलं होतं. मला दुसऱ्याच्या हातची हवी होती. इतक्या लांब येऊन, थंडीत बसून, मी माझ्याच हातची कॉफी पीत होते, आणि समोर चार पुरुष कशी झालीय ते ऐकायला थांबले होते.

चांगली झालीय, मी म्हटलं.

“मग फुडच्या वेळी पाचाचं भरा, वहिनी,” मोशीचा मित्र म्हणाला, आणि सगळे मोकळे झाले. प्रश्न सुटला होता.

पुढच्या खेपेला मी काहीच भरलं नाही. पाचाचं नाही, चाराचं नाही. त्या बुधवारी नवरा शिफ्टवरून आला, कपडे बदलले, सॅक घेऊन ओट्यापाशी आला. किट भरलंस का? मी म्हटलं, नाही. यापुढे तुम्हीच भरत जा. बरं नाही का, त्याने विचारलं. बरं आहे, मी म्हटलं. मग म्हणाला, तुला यायचं नाही का या वेळी? मी नाही म्हटलं. त्याने फळीवरचे चार कप सॅकमध्ये टाकले, खालून गाडीचा हॉर्न आला आणि तो गेला. बाल्कनीतून मी पाहिलं, तर गाडी सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या दुकानाशी थांबली होती.

खरं सांगायचं तर त्या गुरुवारी मी फार खुशीत होते. चादरी भिजवल्या, लेकीसाठी पोहे केले, आणि मनात सारखं धरणाचं पाणी येत होतं. आता कप तोंडाला लागले असतील. आता कोकणवाला तोंड वाकडं करत असेल. आता कोणीतरी म्हणेल, आज ती मजा नाही राव, आणि नवरा गप्प बसेल, आणि त्याला उत्तर ठाऊक असेल. त्याने घरी येऊन माफी मागावी एवढी माझी अपेक्षा नव्हती. त्याने नुसतं येऊन म्हणावं की आज जमली नाही, तेवढ्यावर मी पुन्हा हौसेने पिशव्या शिवल्या असत्या.

तो दुपारी आला. उन्हाने चेहरा रापलेला, मूड छान. मी ताट वाढलं आणि फार वेळ धीर धरवला नाही, म्हणून विचारलं, कॉफीचं काय केलंत?

“अगं, कॉफीच्या पुड्या मिळतात ना कोपऱ्यावर, दूध-साखर सगळं त्यातच असतं. फोडली, गरम पाणी ओतलं, झालं.” त्याने भाकरीचा तुकडा मोडला. “कोणाला काही कळलंसुद्धा नाही. मोशीवाला तर म्हणाला, आज एकदम फक्कड झालीय.”

मी आमटीची पळी भांड्यात ठेवली. त्याने वर पाहिलं, आणि त्याचा आवाज अगदी हळवा झाला. इतका हळवा तो माझ्याशी क्वचित बोलतो.

“तू उगाच इतकी वर्षं दगदग केलीस. मला आधी कळलं असतं तर मी तुला त्रासच दिला नसता.”

जेवून तो झोपला. मी सॅक उपसली. तळाशी चार कप होते, न धुतलेले, आत घट्ट गोड साय धरलेली. मी ते घासायला घेतले.